आवाज वाढावा, सूर ढळू नये

भीमजयंतीच्या आदल्या दिवशी पोंभुर्ण्याच्या एका मोकळ्या मैदानावर गायन पार्टीची तालीम चालू होती. एक ढोलक, एक ऑक्टोपॅड, एक की-बोर्ड, दोन गायक आणि बेस गिटार वाजविणारा एक कॉलेजचा विद्यार्थी. बाकी सगळे ऐकू येत होते. बेस गिटार मात्र कुणाच्या कानावर येत नव्हती. साउंडवाल्याने बटण फिरविले. गिटार ऐकू आली, पण ती फाटक्या पत्र्यावर काठी आपटावी तशी. मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, आवाज वाढवला का सूर बिघडते. कसा करावा?”

प्रश्न साधा होता आणि यंत्राचा होता. त्याचे यंत्रापुरते उत्तर आहे आणि ते पुढे दिलेही आहे. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न त्या मुलाच्या फार आधीचा आहे. दूरवर ऐकू जावे म्हणून आवाज मोठा करावा लागतो, आणि मोठा करताना त्याचा मूळ सूर हातून निसटतो, हा अनुभव आपल्या वाद्यांना आला, जलशांना आला, सभांना आला आणि चळवळीलाही आला. त्या दृष्टीने आपल्या रंगमंचाचा इतिहास तपासून पाहिला पाहिजे.

१

गावगाड्यात मोठा आवाज काढण्याचे काम अस्पृश्यांकडे होते. दवंडी पिटावी त्यांनी, लग्नाच्या वरातीपुढे आणि देवाच्या पालखीपुढे हलगी-डफडे वाजवावे त्यांनी. वाजविणाऱ्याचा आवाज गावभर जावा, पण त्या आवाजात त्याचे स्वतःचे म्हणणे मात्र असू नये, अशी ही व्यवस्था होती. गळा त्याचा, निरोप पाटलाचा. म्हणूनच महाडच्या १९२७ च्या लढ्यानंतर आणि विशेषतः १९५६ च्या धर्मांतरानंतर ठिकठिकाणी तरुणांनी गावकीचे वाजविणे सोडले, तेव्हा त्यांनी संगीताचा त्याग केला असे समजणे चूक ठरेल. दुसऱ्याचा निरोप आपल्या गळ्यातून देण्यास त्यांनी नकार दिला.

या वाद्याची एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. हलगी वाजविण्यापूर्वी जाळावर शेकतात. दमट हवेत कातडे ढिले पडते, आवाज मेल्यासारखा येतो. शेकले की कातडे ताणते, आवाज कडक होतो आणि दूर जातो. पण तो दूर जातो तो वरच्या पट्टीत चढल्यामुळे. माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारणतः २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यात. खालच्या खर्जाला तो तुलनेने बहिरा असतो. म्हणून ज्यांच्यापाशी यंत्र नव्हते, त्यांना दूर पोहोचण्याचा एकच मार्ग होता: सूर चढविणे. आवाज वाढत होता, पण सूर बदलून वाढत होता.

तमाशातील गायकांची चढी पट्टीही याच कारणाने आली असावी. उघड्या माळावर, हजारपाचशे माणसांपुढे, रात्रभर गायचे तर खर्जात गाऊन कसे चालेल? प्रस्थापित रसिकांनी या चढ्या गळ्याला ‘रांगडा’ म्हणून बाजूला काढले. त्यांच्या मैफली बंद दिवाणखान्यांत होत. तेथे भिंती गायकाचा आवाज राखून ठेवीत. आपल्या गायकाला भिंत नव्हती. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो. पहिल्या रांगेतला श्रोता ८ मीटरवर आणि शेवटचा ६४ मीटरवर बसला असेल, तर मागच्याला पुढच्यापेक्षा १८ डेसिबल कमी ऐकू येते. गळ्याच्या रांगडेपणामागे असा हिशेब होता.

२

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या विचारांतून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला, वाद्ये तीच ठेवली, आणि आत मजकूर मात्र भट-सावकारांच्या पिळवणुकीचा भरला. १९३० नंतरच्या दशकात आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्याचे एक आघाडीचे नाव. जलशांचे स्वरूप आणि कार्य यांवर त्यांनी स्वतः लिहिलेले पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी काम केले त्यांनीच त्याचा इतिहास लिहिला, हे आपल्याकडे क्वचित घडते.

ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज आणि जमल्यास पेटी, एवढ्या सामग्रीवर हे जलसे चालत. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांतला सर्वांत महत्त्वाचा माणूस शाहिराच्या मागे उभा असे. तो म्हणजे झीलकरी. शाहीर ओळ टाकी आणि झीलकरी ती उचलून धरीत. याला आपण नुसती साथ म्हणतो. परंतु ध्वनीच्या शास्त्राने पाहिले तर ही आवाज वाढविण्याची एक शुद्ध पद्धत आहे. एका आवाजाला तेवढाच दुसरा आवाज मिळाला की ध्वनी ३ डेसिबलने वाढतो. दहा आवाज झाले की १० डेसिबलने वाढतो, आणि १० डेसिबलची वाढ कानाला साधारणतः दुप्पट वाटते. कुणालाही गळा ताणावा लागत नाही, कुणालाही पट्टी चढवावी लागत नाही. माणूस वाढला म्हणून आवाज वाढला. सूर होता तसाच राहिला.

हलगी शेकणे आणि झील धरणे, या दोन पद्धतींतला फरक मूलभूत आहे. पहिलीत एकट्यावर ताण येतो आणि त्याचा सूर बदलतो. दुसरीत भार वाटला जातो. पुढच्या सगळ्या यंत्रांच्या इतिहासात हेच दोन मार्ग पुन्हा पुन्हा दिसतात.

झाडीपट्टीला ही दुसरी पद्धत नवी नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जंगलपट्टीत दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांची जुनी परंपरा आहे. तिथेही मुख्य गाणाऱ्यामागे उभी राहून ओळ उचलणारी मंडळी असतात. गोंड समाजाच्या ढेमसा नाचात तर प्रेक्षक आणि वादक यांच्यातली रेषाच पुसट असते. जो येतो तो साखळीत हात देतो आणि ताल वाढवितो.

३

मग यंत्र आले. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात मोठ्या जमावाला आपला ध्वनिवर्धक ऐकविला. आपल्या खेड्यांत हे यंत्र ‘कर्णा’ किंवा ‘भोंगा’ या नावाने रुळले. मोटारीची बॅटरी, लहानसा ॲम्प्लिफायर, एक माइक आणि बाभळीला किंवा बैलगाडीच्या दांडीला बांधलेला कर्णा, एवढ्यावर सभा होऊ लागली.

या यंत्राचे उपकार नाकारता येणार नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. नागपूरच्या समारंभाच्या छायाचित्रांत त्यांच्यासमोर माइक दिसतो. प्रकृती खालावलेल्या, दोन महिन्यांतच महापरिनिर्वाण होणाऱ्या त्या माणसाचा आवाज लाखोंपर्यंत गेला तो यंत्रामुळे. पण बावीस प्रतिज्ञा त्या जनसमुदायाने आपल्या तोंडाने म्हटल्या. एका माणसाने ओळ टाकावी आणि लाखोंनी ती उचलावी, ही झीलच होती. जगाच्या इतिहासात एवढी मोठी झील क्वचितच कुणी धरली असेल.

तरीही कर्ण्याने काय दिले आणि काय घेतले, याचा हिशेब मांडला पाहिजे. कर्णा थोड्या विजेत मोठा आवाज देतो, म्हणून तो गरिबाला परवडला. पण त्याच्या तोंडाचा घेर जेवढा, साधारण तेवढ्या लांबीच्या लहरीपर्यंतचेच स्वर तो नीट फेकू शकतो. अर्धा मीटर रुंद तोंडाच्या कर्ण्याचा घेर दीड मीटरच्या थोडा वर भरतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर २०० हर्ट्झच्या जवळपास या कर्ण्याची धाव संपते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा तर खालचाच. म्हणजे कर्ण्यातून शब्द गेले, झांज गेली, तुणतुणे गेले. पण ढोलकीचा घुमारा आणि बोलणाऱ्याच्या छातीतला भरीवपणा मागेच राहिला. कर्ण्यावरून ऐकलेला प्रत्येक वक्ता नाकात बोलल्यासारखा वाटे, त्याचे कारण हे होय.

खर्जाची ही गळती आपल्या कानांना इतकी सवयीची झाली की तीच आपल्या सभांची ओळख बनली. वक्तेही नकळत कर्ण्याला साजेसे, चिरक्या पट्टीत बोलू लागले. झाडीपट्टीच्या नाटकांत याचा दुसरा नमुना पाहावयास मिळतो. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटकांचे केंद्र गजबजलेले असते. रात्रभर प्रयोग चालतो. नटाच्या अंगावर माइक नसतो; तो रंगमंचावर वर टांगलेला असतो. त्यात आपले वाक्य पोहोचावे म्हणून नट शब्द लांबवितो, सूर उंचावतो. शहरी समीक्षकाला तो भडक वाटतो. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरांनी तिच्याकडे वळून पाहिले. यंत्राने दिलेल्या मर्यादेला कलावंताचा दोष समजण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.

४

आता त्या मुलाच्या बेस गिटारकडे येऊ. हे वाद्य जन्मले तेच मुळी त्याच्या प्रश्नातून. अमेरिकेतील वाद्यवृंदांत खर्जासाठी माणसाहून उंच असा डबल बेस उभा करून वाजवीत. ढोल आणि पितळी वाद्यांपुढे तो ऐकू येईना. म्हणून कॅलिफोर्नियात लिओ फेंडर याने १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ ही विजेवर चालणारी गिटार बाजारात आणली. तिची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. त्या लहरीची लांबी आठ मीटरहून अधिक भरते. अर्ध्या मीटरच्या कर्ण्यातून ती बाहेर पडणे शक्यच नाही.

हा खर्ज जगभरच्या दडपलेल्या माणसांनी आपलासा केला, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जमैकातील किंग्स्टन शहरात १९५० च्या दशकात गरीब वस्त्यांनी ‘साउंड सिस्टिम’ उभ्या केल्या. क्लबात जाण्याची ऐपत नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी मोठमोठी खोकी बांधून रस्त्यालाच क्लब केले. पुढे त्यांच्या रेगे संगीतात बेस गिटार मागे न राहता पुढे आली. बॉब मार्लेच्या वाद्यवृंदातला ॲस्टन बॅरेट हा तिचा मोठा वादक. १९६६ च्या ब्लॅक पँथरचे नाव १९७२ साली मुंबईत दलित पँथरने घेतले, तसेच हा खर्जही पुढे आपल्याकडे आला. मुंबईत ‘धम्म विंग्ज’ने बुद्ध-आंबेडकरांचा विचार रॉक संगीतात आणला. चेन्नईत २०१८ साली ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने पराई हे अस्पृश्य मानले गेलेले वाद्य आणि बेस गिटार एकाच मंचावर उभी केली. जे डफडे गावकीची खूण म्हणून टाकावे लागले, तशाच वाद्याला तेथे स्वतःचा निरोप मिळाला.

तर मग आवाज वाढवावा आणि सूर राखावा, हे करावे कसे? जो विचार झीलकऱ्याने दिला, तोच येथे उपयोगी पडतो.

पहिली गोष्ट, आवाज का फाटतो ते समजून घ्यावे. १०० वॅटच्या यंत्राकडून १५० वॅटचे काम मागितले की ते लहरीचा माथा छाटून टाकते. छाटलेल्या लहरीत मूळ वाद्यात नसलेले नवे स्वर शिरतात. यालाच आपण फाटणे म्हणतो. कानाला दुप्पट आवाज हवा असेल तर दहापट वॅट लागतात. बटण थोडे अधिक फिरवून ते भागत नाही. म्हणून आरंभीचे ‘गेन’ नावाचे बटण इतके कमी ठेवावे की सर्वांत जोराचा ठोकाही माथा न छाटता जाईल. वाढवायचे ते शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे मिक्सरच्या फेडरवर. एखाद्या गाण्यापुरता आवाज उचलायचा असेल तर क्लीन बूस्ट मिळतो. पण तो आवाज फाडणाऱ्या पेडलच्या आधी जोडला तर फाटणेच वाढते, नंतर जोडला तर आवाज वाढतो.

दुसरी गोष्ट, झीलकरी जोडावा. एकाच खोक्यावर ताण देण्याऐवजी तसेच दुसरे खोके त्याच्या शेजारी ठेवावे आणि यंत्राला दोन्ही पेलतात याची खात्री करून घ्यावी. खालच्या स्वरांत ही दोन खोकी एकमेकांना हात देतात. दोघांचाही ताण कमी, सूर तोच, आवाज मोठा.

तिसरी गोष्ट, इतरांनी जागा द्यावी. पुष्कळदा बेस ऐकू येत नाही तो लहान असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या जागेवर दुसरेच कुणी बसलेले असते म्हणून. की-बोर्डवाल्याचा डावा हात, ऑक्टोपॅडचा जाड ठोका आणि ढोलकाचा घुमारा असे तिघे एकाच पट्ट्यात गर्दी करतात. त्यांनी थोडे मागे सरावे. एकाही वॅटची भर न घालता बेस पुढे येते.

चौथी गोष्ट, ठोके सारखे करावे. बोटांचा एक ठोका मोठा आणि एक लहान पडला की यंत्राची सारी मर्यादा त्या एका मोठ्या ठोक्यासाठी राखून ठेवावी लागते. हात साधावा. सोबत कॉम्प्रेसर असेल तर तो हलका लावावा. जास्त लावला तर तारेचा जीवच जातो.

पाचवी गोष्ट कानाची. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिले की हळू आवाजात कान खर्ज फार कमी ऐकतो आणि मोठ्या आवाजात जास्त. म्हणजे यंत्राने काहीही बदलले नाही तरी नुसत्या मोठेपणानेच सूर बदलल्यासारखा भासतो. यासाठी घरी हळू आवाजात ठरविलेला सूर मैदानावर तसाच लागेल असे समजू नये. ज्या आवाजात वाजवायचे, त्याच आवाजात आणि मागच्या रांगेत उभे राहून तो ठरवावा. वादकाला आपले वाद्य आवडले की नाही याहून मागच्या माणसाला काय ऐकू आले, हे महत्त्वाचे.

५

येथपर्यंत यंत्राचे झाले. आता सूर या शब्दाचा दुसरा अर्थ.

मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. त्यावरून वाद घालून त्याला उचलून नेले आणि ठार मारले, असा गुन्हा नोंदला गेला. खिशातल्या मोबाइलचा आवाज असा कितीसा असणार? त्या आवाजाने कुणाची झोपमोड झालेली नव्हती. तेथे जे खुपले ते डेसिबलमध्ये मोजता येणारे नव्हते. खुपला तो सूर. आपल्याकडे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा पाळावी, असे ते सांगतात. नियम योग्य आहेत. ते सर्वांच्या मिरवणुकांना सारखे लावले जातात काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र आपल्याला आहे. कायद्याचे माप डेसिबलचे असावे, जातीचे असू नये.

हा प्रश्न दुसऱ्यांना विचारताना एक प्रश्न स्वतःलाही विचारला पाहिजे. आज जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या खोक्यांतून जो खर्ज बाहेर पडतो, तो कर्ण्याने गिळलेल्या खर्जाची भरपाई आहे हे खरे. वर्षानुवर्षे दबलेल्या छातीला तो धक्का हवाहवासा वाटतो, यात नवल नाही. त्या पोरांना नाके मुरडणाऱ्यांत मी नाही. परंतु कर्ण्यात शब्द होता आणि खर्ज नव्हता. या भिंतीत खर्ज आहे आणि शब्द नाही. वामनदादा कर्डकांनी गावोगाव पायपीट करून जे गाणे पोहोचविले ते शब्दांवर उभे होते. ते शब्द कुणाला ऐकूच आले नाहीत तर आपला आवाज वाढला असे म्हणता येईल. आपला सूर राहिला असे म्हणता येणार नाही. चळवळीतही हेच घडते. एकाच नेत्याच्या गळ्यावर सारा ताण दिला की त्याचा माथा छाटला जातो, आणि जे बोलायचे ते सोडून भलतेच स्वर बाहेर पडू लागतात. तेथेही खोकी वाढवावी लागतात, इतरांना जागा द्यावी लागते, मागच्या रांगेत जाऊन ऐकावे लागते.

पोंभुर्ण्याच्या त्या तालमीत आम्ही गेन कमी केला. की-बोर्डवाल्याने डावा हात उचलला. ऑक्टोपॅडचा जाड ठोका खाली आणला. शेजारच्या मंडळाकडून तसेच एक खोके मागून आणले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम झाला. मी मैदानाच्या टोकाला, शेवटच्या रांगेमागे जाऊन उभा राहिलो. बेस गिटार वेगळी अशी जाणवत नव्हती, पण पायाखालची जमीन गाण्याबरोबर चालत होती. आणि माझ्यापुढे बसलेल्या बाया गायकाच्या मागोमाग शब्द न् शब्द म्हणत होत्या.

त्यांना झीलकरी होण्यासाठी कुणी बोलावले नव्हते. शब्द ऐकू आले, म्हणून त्यांनी ते उचलले.